आधुनिक चित्रकार आणि प्राचीन कला : प्रेरणेच्या मार्गाचा प्रश्न

न्यूयॉर्क येथील एशिया सोसायटीच्या संग्रहालयात सप्टेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात मुंबईच्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या गटातील व त्याच्याशी संबंध आलेल्या चित्रकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात आधुनिक चित्रांच्या जोडीला प्राचीन शिल्पे आणि लघुचित्रे मांडण्यात आली होती. हे चित्रकार केवळ पॅरिसकडे तोंड करून बसलेले नव्हते, भारताच्या जुन्या कलापरंपरेशीही त्यांचे नाते होते, हे प्रेक्षकाला डोळ्यांनीच पटावे, असा या मांडणीचा हेतू. हेतू स्तुत्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला अशा दालनात एक अडचण जाणवल्यावाचून राहत नाही. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की पाहणाऱ्यास साम्य दिसू लागते, आणि साम्य दिसू लागले की ‘प्रेरणा’ हा शब्द आपोआप ओठांवर येतो. साम्य ही एक सूचना असते, पुरावा नव्हे.

उत्खननात एखादे खापर सापडले तर ते कोणत्या स्तरातून निघाले हे आपण प्रथम विचारतो. नाणे हाती आले तर त्याचे प्राप्तिस्थान विचारतो. मग ‘अमुक चित्रकारास अमुक शिल्पापासून प्रेरणा मिळाली’ असे विधान करताना त्याने ते शिल्प कोठे, केव्हा आणि कोणत्या रूपात पाहिले, हा प्रश्न सोडून देण्याचे कारण काय? मूळ वस्तू, तिची हाताने केलेली अनुकृती, छापील प्रतिमा, वर्गातील धडा, संग्रहालयाचे दालन या सर्व निरनिराळ्या वाटा आहेत, आणि ज्या वाटेने प्राचीन कला चित्रकाराकडे येते त्या वाटेची छाप तिच्यावर पडते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यत्वेकरून जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात जन्मलेल्या अथवा शिकलेल्या काही चित्रकारांच्या अनुषंगाने तपासावयाचा आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा (१९२४), हरी अंबादास गाडे यांचा अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा, शंकर पळशीकर यांचा साकोलीचा, आणि सय्यद हैदर रझा यांचा मंडला जिल्ह्यातील बाबरियाचा (१९२२). गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी साकोली आणि गोंदिया एकाच जिल्ह्यात होती. तेव्हा हा विषय आपल्या घरचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभ अजिंठ्यापासूनच करावा लागतो. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने खोदविले, हे तेथील शिलालेखावरून निश्चित आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखांच्या संपादनामुळे (१९६३) हा संबंध विदर्भातील प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित झाला आहे. हरिषेण हा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील शाखेचा. यावरून काही उत्साही लेखक असा निष्कर्ष काढतात की, विदर्भातील आधुनिक चित्रकाराच्या ठिकाणी अजिंठ्याचा वारसा मुळातच असणार. हा युक्तिवाद टिकणारा नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील भित्तिचित्रे आणि विसाव्या शतकातील वऱ्हाडी अथवा नागपुरी तरुण यांच्यामध्ये शतकानुशतकांचा खंड आहे, आणि तो खंड ज्या मार्गाने ओलांडला गेला तो मार्ग लंडन आणि मुंबई येथून गेलेला आहे.

ही चित्रे आधुनिक जगापुढे प्रथम अनुकृतींच्या रूपाने आली. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ साली या कामावर नेमणूक झाली. त्याने कित्येक वर्षे तेथे राहून कापडावर तैलरंगात मोठ्या आकाराच्या नकला केल्या. त्या इंग्लंडला पाठविल्या गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या तुकड्या नेऊन हे काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७ मध्ये निघाले. अजिंठ्यात टिकलेली चित्रे लंडनमध्ये दोनदा जळावीत, हा योगायोग चमत्कारिक खराच. मात्र येथे महत्त्वाची गोष्ट निराळी आहे.

ती अशी की, नक्कल करताना मूळ वस्तूचे स्वरूप बदलते. लेण्यात चित्र हे भिंतीला चिकटलेले आहे. ते खांबामागून, कोपऱ्यावरून, अंधारातून प्रकट होते. एक प्रसंग दुसऱ्यात मिसळतो, त्याला चौकट नाही. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन त्यावर खनिज रंगांनी ते काढलेले आहे. त्याची तैलरंगात कापडावर प्रत केली की चौकट येते, एक प्रसंग वेगळा कापून निघतो, आणि रंगाला तेलाची चकाकी चढते. ग्रिफिथ्स यांचा उद्देशही ध्यानात घेतला पाहिजे. विद्यार्थ्यांना अलंकरणाचे उत्तम नमुने मिळावेत, हा तो उद्देश होता. त्यामुळे छताच्या चौकोनांतील कमळे, वेली, हंस, हत्ती यांच्याकडे विशेष लक्ष गेले. कलाशाळेशी संबंधित कुंभारकामात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या बरण्या व सुरया यांवर अजिंठ्याची नक्षी उतरलेली आढळते. म्हणजे मुंबईत अजिंठ्याचा पहिला ‘आधुनिक’ उपयोग भांड्यांवर झाला. चित्रकाराच्या चित्रफलकावर तो पुष्कळ उशिरा आला. आजच्या प्रदर्शनांत ही भांडी सहसा दिसत नाहीत, कारण ती ‘प्रेरणे’च्या उदात्त कल्पनेत बसत नाहीत. वास्तविक तीच सर्वांत निर्विवाद पुराव्याची वस्तू होय.

लेडी हेरिंगहॅम यांच्या १९०९ ते १९११ मधील मोहिमेची दृष्टी वेगळी होती. त्यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा हे अवनींद्रनाथांचे शिष्य होते. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन काझी हेही आले. जेथे ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी नक्षी पाहिली तेथे या मंडळींनी रेषा आणि भाव पाहिला. भिंत तीच, परंतु बंगालच्या राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणातून आलेल्या डोळ्यांना तिच्यात दुसरेच काही दिसले. आणि अमृता शेरगिल १९३६ च्या अखेरीस तेथे गेल्या तेव्हा त्यांनी ना नक्षी घेतली ना भावविवशता. त्यांनी घेतला तो आकृतींच्या समूहाचा घनपणा, गडद त्वचेवरील रंगांचा तोल. ‘ब्रह्मचारी’ व ‘ब्राइड्स टॉयलेट’ ही १९३७ ची चित्रे पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. शेरगिल यांच्या बाबतीत मार्ग स्पष्ट आहे. पॅरिसमध्ये शिकलेली चित्रकर्ती प्रत्यक्ष लेण्यात गेली आणि परतल्यावर थोड्याच महिन्यांत तिची रचना बदलली. प्रेरणा हा शब्द निःशंकपणे वापरता येईल अशी उदाहरणे थोडी असतात, त्यांपैकी हे एक.

आता आपल्या भागातील चित्रकारांकडे वळू. पळशीकर आणि गायतोंडे हे दोघेही चाळिसाव्या दशकात मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकले. तेथे भारतीय पद्धतीच्या चित्रकलेचा स्वतंत्र वर्ग होता आणि जगन्नाथ मुरलीधर अहिवासी हे त्याचे अध्यापक होते. प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये आल्यानंतर भित्तिचित्रांच्या शिक्षणास जो जोर आला, त्याचीच ही पुढची पायरी मानता येईल. या वर्गात लघुचित्रांच्या रचना अभ्यासल्या जात. सपाट रंगक्षेत्रे, बाह्यरेषेची शिस्त, खोलीऐवजी एकावर एक रचलेले अवकाश या गोष्टी विद्यार्थ्यांच्या हाताला लागत. म्हणजे पळशीकरांना राजपूत अथवा पहाडी चित्र भेटले ते दरबारी पोथीतून अथवा कुटुंबाच्या देवघरातून नव्हे. ते भेटले अभ्यासक्रमातून, सकाळच्या तासाला, परीक्षेच्या विषयाप्रमाणे. यात कमीपणा काही नाही. रेनेसाँच्या काळातील इटालियन शिष्यही गुरूच्या कार्यशाळेत नकला करूनच शिकत. परंतु वर्गातून आलेली परंपरा ही निवडलेली आणि सोपी केलेली परंपरा असते, याचे भान ठेवणे अवश्य आहे.

पळशीकर पुढे त्याच शाळेत अध्यापक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात तिचे अधिष्ठाता होते. लघुचित्रांच्या रेषेकडून निघून ते तांत्रिक प्रतीकांच्या अभ्यासाकडे गेले. त्यांच्यापाशी शिकलेल्या पिढ्यांचा विचार केला तर महाराष्ट्रातील चित्रकलेत प्राचीन प्रतिमांविषयीची आस्था पसरविणारा त्यांच्याएवढा प्रभावी शिक्षक क्वचितच दाखविता येईल. आणि तरीही त्यांचे नाव साकोलीच्या बाहेर, आणि खरे सांगावयाचे तर साकोलीतही, फार थोड्यांस ठाऊक आहे.

पळशीकरांच्या निमित्ताने कालक्रमाचा एक मुद्दा येथेच मांडतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले, आणि तेथील स्तूप, कोरीव वेदिकास्तंभ आणि ब्राह्मी लेख प्रकाशात आले. विदर्भाच्या कलेतिहासातील ही एक अत्यंत महत्त्वाची घटना होय. उद्या कोणी भंडारा-गोंदिया भागातील कलेचे प्रदर्शन मांडले, तर पवनीचा वेदिकास्तंभ आणि पळशीकरांचे चित्र शेजारी ठेवण्याचा मोह त्यास सहज होईल. दोघांचा जिल्हा एक, दोघांत प्रतीकांची भाषा, आणि प्रेक्षकालाही ते आवडेल. पण हे स्तूप मातीतून वर आले तेव्हा पळशीकर मुंबईच्या कलाशाळेचे अधिष्ठाता झालेले होते, त्यांची दृष्टी केव्हाच घडून गेली होती. मनसरचे विस्तृत उत्खनन तर विसाव्या शतकाच्या अगदी अखेरचे. वस्तू प्राचीन असली तरी तिचे दर्शन प्राचीन नसते. दर्शनाचीही एक तारीख असते, आणि आधुनिक चित्रकाराच्या संदर्भात तीच तारीख निर्णायक ठरते.

गायतोंडे यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत लघुचित्रांची तेजस्वी रंगक्षेत्रे आणि निश्चित रेषा स्पष्ट दिसतात. पुढे त्यांनी आकृती एकेक करून गाळल्या आणि उरला तो रंग व पृष्ठभाग. पॉल क्ले यांचे चित्र आणि झेन विचार यांचाही त्यात भाग आहे. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांचे जे मोठे प्रदर्शन भरविले त्यातून हा प्रवास जगापुढे आला. गायतोंड्यांच्या उत्तरकालीन चित्राशेजारी बसोहलीचे पान ठेवले तर बहुतेकांना साम्य मुळीच दिसणार नाही. येथे संबंध आहे पण साम्य नाही. शेजारमांडणीची पद्धत जेथे साम्य आहे तेथे नसलेला संबंध सुचविते, आणि जेथे खरा संबंध आहे तेथे मुकी राहते. या पद्धतीवरील माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

आता १९४८ च्या प्रदर्शनाकडे येऊ, कारण ‘प्राचीन कलेचे प्रदर्शन आणि आधुनिक चित्रकार’ या विषयातील मध्यवर्ती घटना तीच आहे.

लंडनच्या रॉयल अकादमीने १९४७-४८ च्या हिवाळ्यात बर्लिंग्टन हाउस येथे भारत व पाकिस्तान यांच्या कलेचे भव्य प्रदर्शन भरविले. त्याची तयारी एका अखंड देशासाठी सुरू झाली होती, उद्घाटनाच्या वेळी देश दोन झालेले होते. देशभरच्या संग्रहालयांतून या प्रदर्शनासाठी वस्तू मागवून घेतलेल्या होत्या. त्या परत आल्यानंतर लगेच आपापल्या गावी न पाठविता १९४८ च्या अखेरीस नवी दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे पुढच्या राष्ट्रपती भवनात, मांडण्यात आल्या. ज्या दरबारी दालनांत व्हाइसरॉय समारंभ करीत तेथे मौर्य, कुषाण, गुप्त शिल्पे उभी राहिली. अशोककालीन रामपुरव्याचा वृषभ त्या निमित्ताने आला तो तेथेच राहिला. याच संग्रहातून १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना त्याच वास्तूत झाली, आणि स्वतःच्या इमारतीत ते १९६० च्या डिसेंबरात गेले.

हे प्रदर्शन पाहावयास मुंबईहून जे तरुण गेले त्यांत मकबूल फिदा हुसेन आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा हे दोघे होते. प्रोग्रेसिव्ह गट स्थापन होऊन फार दिवस झाले नव्हते. हुसेन मूळचे पंढरपूरचे, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले. दिल्लीच्या त्या दालनांचा त्यांच्यावर झालेला परिणाम त्यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, त्यांनी तेथून तीन गोष्टी जाणूनबुजून उचलल्या : गुप्तकालीन शिल्पातील स्त्रीदेहाची घडण, बसोहली चित्रांतील उग्र रंग, आणि लोककलेतील निरागस आकार. परत आल्यावर त्यांनी जी चित्रे केली त्यांत हे तिन्ही एकत्र आले. ‘जमीन’ या १९५५ च्या दीर्घ पटात, ज्याला ललित कला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ही सरमिसळ पूर्णत्वास गेलेली दिसते.

या निवेदनातील ‘निवड’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मथुरेची यक्षी, बसोहलीचे पान आणि बंगालची खेळणी ही एकमेकांस कधीच भेटलेली नव्हती. त्यांच्यामध्ये काळाचे, स्थळाचे आणि उपयोगाचे प्रचंड अंतर. त्यांना एका छपराखाली, सारख्या प्रकाशात, डोळ्यांच्या पातळीवर आणले ते प्रदर्शनाने. देवळातल्या मूर्तीस प्रदक्षिणा घालताना कोणी तिच्या कमरेच्या वळणाची तुलना पहाडी चित्रातील पिवळ्या रंगाशी करीत नाही. संग्रहालयात मात्र तीच तुलना स्वाभाविक होते. म्हणून हुसेन यांना ‘प्राचीन कलेपासून प्रेरणा मिळाली’ असे म्हणण्यापेक्षा ‘प्राचीन कलेच्या प्रदर्शनापासून प्रेरणा मिळाली’ असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. हा शब्दच्छल नव्हे. पहिल्या विधानात पाच हजार वर्षांची एक अखंड धारा गृहीत धरलेली असते. दुसऱ्यात एक विशिष्ट हिवाळा, एक विशिष्ट इमारत, नव्या राष्ट्राची स्वतःस एक भूतकाळ असल्याचे दाखविण्याची निकड, आणि गर्दीत उभे असलेले दोन तरुण चित्रकार असतात. इतिहासकाराने दुसऱ्याची बाजू घ्यावी.

त्याच गटातील गाडे हे विज्ञानाचे पदवीधर, नागपूरच्या कलाशाळेशी संबंध आलेले. त्यांची निसर्गचित्रे रंगांच्या ठोकळ्यांनी बांधलेली आहेत. त्यांना प्राचीन कलेच्या दालनात आणावयाचे कारण मला दिसत नाही. एखाद्या गटास एकच लेबल लावले म्हणजे त्यातील असे सभासद एकतर वगळले जातात किंवा ओढूनताणून बसविले जातात.

रझा यांचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे. त्यांचे वडील वनखात्यात होते. बालपण मंडल्याच्या जंगलपट्ट्यात गेले, पुढे दमोहला शिक्षण झाले, आणि नंतर १९३९ पासून नागपूरच्या कलाशाळेत. मुंबईस कायमचे जाण्यापूर्वी त्यांनी काही काळ गोंदियास चित्रकला-शिक्षकाची नोकरी केली. प्रांतिक सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते मुंबईस पोहोचले तेव्हा उशीर झाला होता, प्रवेश हुकला, आणि एका ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत काम करीत त्यांनी ज. जी. मध्ये शिरकाव करून घेतला. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांची गाठ पडली. तुझ्या चित्रांत बांधणी कमी आहे, सेझान पाहा, असा त्यांचा सल्ला होता. १९५० साली रझा फ्रान्सला गेले ते जवळजवळ साठ वर्षे तेथेच राहिले, आणि २०१० च्या अखेरीस दिल्लीस परतले. २३ जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि इच्छेनुसार मंडल्यास दफन करण्यात आले.

फ्रान्समधील पहिली पंचवीस वर्षे त्यांनी निसर्गचित्रांवरच काम केले. सत्तरच्या दशकात त्यांनी अजिंठा-वेरूळ, बनारस, गुजरात, राजस्थान असा प्रवास केला. त्यानंतर चित्रांत लघुचित्रांसारखी चौकटींची विभागणी, तापलेले रंग, आणि अखेरीस तो काळा वर्तुळाकार ‘बिंदू’ आला, जो आज त्यांच्या नावाचा पर्यायच झाला आहे. याच सुमारास ‘तंत्रकला’ हा शब्द जगभर रूढ झालेला होता. अजित मुखर्जी यांचे ‘तंत्र आर्ट’ हे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. १९८५ साली लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या कलादालनात ‘निओ-तंत्र’ या नावाचे प्रदर्शन भरले. परंपरेपासून प्रेरणा घेतलेली समकालीन भारतीय चित्रकला, असे त्याचे उपशीर्षकच होते. बीरेन डे, गुलाम रसूल संतोष यांच्यासमवेत रझा यांची चित्रेही त्यात होती. यंत्र आणि मंडले यांच्या छापील प्रतिमा मनात ठेवून रझांच्या बिंदूकडे पाहिले की संबंध अगदी उघड वाटतो.

परंतु रझा स्वतः बिंदूची जी हकीकत सांगत ती वेगळी आहे. ककैया येथील प्राथमिक शाळेत मुलाचे लक्ष स्थिर राहीना, तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितले. ही आठवण त्यांनी आयुष्यभर जपली. कोणी म्हणेल की, वृद्ध चित्रकाराने स्वतःच्या शैलीस मागाहून दिलेले हे मूळ आहे. तसे असेलही. आठवणीही निवडल्या जातात आणि घासूनपुसून चकचकीत केल्या जातात. गोर्बिओच्या स्टुडिओत पन्नाशी उलटलेल्या माणसाला तो ठिपका आठवावा यासाठी मधल्या काळात सेझान, बनारस आणि राजपूत चित्रे घडलेली असणे आवश्यकच होते. परंतु एवढे खरे की, चित्रकाराची साक्ष उपलब्ध असताना ती बाजूला सारून दुकानातील पुस्तकाशी साम्य दाखविणे हे पुराव्याच्या शास्त्रात बसत नाही. शिवाय त्यात एका खेड्यातील शिक्षकाचे श्रेय हिरावले जाते, हा भाग निराळाच.

प्रभाकर बरवे यांच्या उदाहरणाने तारखांचे महत्त्व आणखी स्पष्ट होईल. बरवे १९६१ ते १९६५ या काळात बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते, आणि तंत्रातील आकृत्यांशी त्यांचा परिचय तेथेच झाला. म्हणजे मुखर्जींचे पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच ते त्या आकृत्यांपर्यंत पोहोचलेले होते, तेही कापडाच्या नक्षीच्या सरकारी कामामुळे. ‘निओ-तंत्र’ या एका नावाखाली येणाऱ्या चित्रकारांपैकी एक बनारसच्या गल्लीतून आला, एक काश्मीर शैवमताच्या अभ्यासातून, एक फ्रान्समधील आठवणीतून. नाव एक, वाटा तीन.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, प्रदर्शन म्हणजे प्रबंध नव्हे. भिंतीवर पावत्या आणि तारखा चिकटविल्या तर प्रेक्षक पाठ फिरवील. आक्षेपात तथ्य आहे. तथापि वाटा दाखविता येतात, आणि त्या पाहण्यासारख्याही असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाचे दालन २०११ पासून आहे, आणि खालच्या मजल्यांवर प्राचीन शिल्पे व लघुचित्रे आहेत. एकाच इमारतीत जिना चढून जाणारा प्रेक्षक दोहोंमधील अंतर पायांनी मोजतो. ते अंतर बुजविण्याची घाई करू नये. त्या जिन्यावरच ग्रिफिथ्स यांच्या पुस्तकातील एखादे पान, कलाशाळेत भाजलेली एखादी सुरई, अहिवासींच्या वर्गातील विद्यार्थ्याचा अभ्यासपट, १९४८ च्या प्रदर्शनाची सूची आणि छापील तंत्रप्रतिमांचे पुस्तक अशी पाच मध्यस्थ साधने ठेवली, तर मौर्य शिल्प आणि हुसेन यांच्यामधील सारा इतिहास दिसू लागेल. ही साधने बहुधा कपाटांत किंवा रद्दीत असतात, कारण ती कलाकृती म्हणून गणली जात नाहीत.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला गावकरी अजबबंगला म्हणतात, असे एक दालन मांडणे अवघड नाही. १८६३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत बालाघाटजवळच्या गुंगेरिया येथे १८७० मध्ये सापडलेल्या ताम्रनिधीचा भाग आहे, मध्ययुगीन शिल्पे आहेत, ताम्रपट आहेत. गायतोंडे, पळशीकर, गाडे, रझा या चार नावांचे दालन तेथे झाले, तर त्यातील प्रत्येकाच्या शेजारी कोणती वस्तू ठेवावयाची हा निर्णय साम्यावर सोपवू नये. गायतोंड्यांच्या शेजारी लघुचित्राची वर्गात केलेली नक्कल ठेवावी, प्रेक्षकास ती कितीही अनपेक्षित वाटो. पळशीकरांच्या शेजारी त्यांच्या विद्यार्थ्यांची कामे ठेवावीत. गाड्यांच्या शेजारी काहीच ठेवू नये. आणि रझांच्या बिंदूशेजारी एखादे जुने यंत्र टांगण्याऐवजी प्राथमिक शाळेतील फळा ठेवावा.

या कामासाठी लागणारी सामग्री गोळा करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगा विषय आहे. मध्यप्रांताच्या शाळांतील चित्रकला-शिक्षकांची नेमणूकपत्रे, शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, नागपूरच्या कलाशाळेची प्रदर्शनपत्रके, भंडारा, गोंदिया, बालाघाट येथील जुन्या शाळांची दप्तरे यांतून त्या काळी मुलांपुढे कोणती चित्रे, कोणत्या पुस्तकांतून आणि कोणाच्या हातून ठेवली जात होती हे काढता येईल. सुरुवात गोंदियापासून करावी. तेथील वर्गात तरुण चित्रकाराने मुलांपुढे कित्ता म्हणून काय ठेवले असेल, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या दप्तरातच शोधावे लागेल.